पहिली लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल घेतलीत? शिकारीच्या हंगामाआधी एवढं करा

.३०-३० (काडतुसाचा प्रकार) निवडलीत, उत्तम! पेनसिल्व्हेनियाच्या दाट जंगलात व्हाइटटेल हरीण बहुधा १०० यार्डांच्या आतच दिसतं. तिथे ही हलकी, सपाट अंगाची रायफल हातात घेऊन पावलापावलाने पुढे सरकण्यात जी मजा आहे, ती एका जागी बसून येत नाही. हंटर एज्युकेशन कोर्स आणि परवाना मात्र आधी.

सगळ्यात घातक चूक काडतुसांची. ट्यूब मॅगझिनमध्ये, म्हणजे नळीखालच्या काडतुसं ठेवायच्या ट्यूबमध्ये, ती एकामागे एक आडवी असतात. टोकदार कडक गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या भागावर) टेकतं आणि धक्क्याने ते काडतूस ट्यूबमध्येच उडू शकतं. म्हणून चपट्या टोकाचीच घ्या. गोळीचं वजन १५० किंवा १७० ग्रेन, दोन्ही चालतील.

दुसरं, लिव्हर (ट्रिगरभोवतीची दांडी, जी पुढे-मागे केली की नवं काडतूस भरतं) घाबरत ओढू नका. अर्धवट ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडत नाही, नवं अडकतं. रायफल खांद्यालाच ठेवून लिव्हर अडेपर्यंत पुढे, मग पूर्ण मागे. डमी काडतुसांवर रोज वीस वेळा करा.

- हॅमर (मागचा, ठोका मारणारा भाग) उतरवताना नळी सुरक्षित दिशेला, अंगठा घट्ट. गारठलेल्या बोटांतून तो निसटतो, म्हणून हातमोजे घालूनही सराव हवा.
- रायफल रिकामी केल्यावर चेंबर (नळीच्या मागे काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी बघा, बोटानेही चाचपा.
- ५० यार्डांवर उभ्याने पाचपैकी पाच गोळ्या जेवणाच्या ताटलीत बसेपर्यंत हरणावर नेम धरू नका.

स्कोपचं (नेमाच्या दुर्बिणीचं) पुढच्या वर्षी बघू.