न्यूरल नेटवर्क खरंच माणसासारखा विचार करतं का?

न्यूरल नेटवर्क म्हणजे उदाहरणं बघून बघून शिकणारा कॉम्प्युटर प्रोग्राम. ते विचार करतं असं मी तरी म्हणणार नाही, पण मूळ कल्पना आपल्या मेंदूवरूनच उचललीय. 1943 मध्ये मॅककलक आणि पिट्स यांनी मेंदूतल्या पेशीचं एकदम साधं गणिती मॉडेल मांडलं, 1958 मध्ये रोझेनब्लाटचा पर्सेप्ट्रॉन, म्हणजे त्या पेशीचं उदाहरणांतून शिकणारं रूप, आला, पुढचं सगळं त्यावरच वाढलं.

म्हापशाच्या मासळी मार्केटात आईबरोबर जाणाऱ्या पोराला बांगडा कुठला आणि तारली कुठली हे कोणी नियम लिहून देत नाही ना, बघून बघून कळतं. नेटवर्कचंही तसंच. फोटो म्हणजे त्याच्यासाठी नुसते आकडे, प्रत्येक आकड्याला एका वेटने (त्या आकड्याला किती महत्त्व द्यायचं ते ठरवणाऱ्या संख्येने) गुणायचं, बेरीज करायची, पुढच्या लेयरला (थराला) द्यायची, असं करत करत शेवटी उत्तर येतं "तारली, 0.7" (म्हणजे 70 टक्के खात्री), आणि प्रत्यक्षात असतो बांगडा, मग चूक किती झाली ते मोजून उलट मागे जात प्रत्येक वेट किंचित हलवायचं आणि परत पुढचा फोटो. ह्याला बॅकप्रोपगेशन म्हणतात, 1986 च्या रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या पेपरनंतर ते खरं गाजलं.

पण पोराला चार-पाच बांगडे पुरतात, नेटवर्कला शून्यापासून शिकवायचं तर फोटोंचा ढीग लागतो. मेंदू साधारण 20 वॅटवर चालतो, मोठी मॉडेल्स ट्रेन करायला अख्खं डेटासेंटर. मेंदूत बॅकप्रोपगेशनसारखं काही होतं का यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे, त्यामुळे "कृत्रिम मेंदू" हे नाव मला अजिबात पटत नाही. चॅटजीपीटीसुद्धा मुळात असंच शिकतं, फक्त तिथे माशाच्या जागी पुढचा शब्द ओळखायचा असतो.