साथ, सरहद्द आणि दोन संस्कृतींचं घर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मार्च २०२० नंतरच्या दोन वर्षांत घराघरांत जे ताण पडले, त्यातले कितीतरी अजून निवळलेले नाहीत. दोन धर्मांच्या, दोन भाषांच्या, दोन देशांच्या घरांत ते जास्त खोल गेले. साथ आली की तुमचं कुटुंब कोण, हे दारावरचा माणूस तुमच्या हातातल्या कागदावरून ठरवतो. उत्तरांत कागदपत्रांचा विषय वारंवार येतो तो यासाठीच.

एप्रिल २०२१ मध्ये माझे पती कोविडने गेले. मुलगा मेलबर्नला अडकलेला. अग्नी महापालिकेच्या माणसांनी दिला. वडिलांचं काहीच नीट झालं नाही, हे मुलाच्या मनातून जात नाही. सून ऑस्ट्रेलियन आहे, ती स्मरणसभा घेऊ म्हणते. नणंद अजून म्हणते, ‘मुलगा असून नसल्यासारखा.’ (ठाणे)

नणंदबाईंना आधी तारखा सांगा. ऑस्ट्रेलियाने २५ मार्च २०२० पासून स्वतःच्याच नागरिकांना परवानगीशिवाय देशाबाहेर जायला मनाई केली होती. ती बहुतेकांसाठी १ नोव्हेंबर २०२१ ला उठली. ३ ते १५ मे २०२१ या दिवसांत तर भारतातून परतणाऱ्या नागरिकालाही पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ६६,६०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकत होता. तुमचा मुलगा कसाबसा निघाला असता तरी बायको-मुलांकडे कधी परतता येईल, हे त्याला कोणी सांगू शकलं नसतं.

आणि ठाण्यात असता तरी फार काही हाती लागलं नसतं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्च २०२० च्या नियमांत देहाला स्नान घालणं, मिठी मारणं बंद होतं. मात्र चेहऱ्याचं दर्शन, मंत्रपठण, स्पर्श न करता तीर्थ शिंपडणं याला परवानगी होती आणि अस्थी गोळा करण्यात धोका नाही, असंही स्पष्ट लिहिलेलं होतं. दुसऱ्या लाटेत स्मशानांवर इतका भार आला की ही परवानगी अनेकांपर्यंत पोचलीच नाही.

राहिलेले विधी आजही करता येतात. परदेशी असलेल्या मुलाने बातमी ऐकल्यापासून सुतक धरावं, देहच मिळाला नाही तर पालाशविधी (पळसाची प्रतिमा करून तिचं दहन) करावा, अशा सोयी धर्मशास्त्राने फार पूर्वीच करून ठेवल्या आहेत. गुरुजींना तीन गोष्टी सांगा: मृत्यूची तारीख आणि वेळ, अग्नी कोणी दिला, अस्थींचं काय झालं. त्यावरून काय राहिलं आणि काय करायचं ते ते ठरवतील. सांवत्सरिक श्राद्ध त्या तिथीला दरवर्षी येतंच. मुलगा येऊ शकेल त्या वर्षीची तिथी धरा.

सुनेची स्मरणसभा ही टाळाटाळ समजू नका. तिच्या रीतीत माणसाला निरोप असाच देतात. सकाळी श्राद्ध, संध्याकाळी पाऊण तासाची सभा, तीन-चार जण बोलणारे, मराठी आणि इंग्रजी दोन्हीतून. अशा दिवशी हटकून एक चूक होते: विधी चालू असतो आणि सून-नातवंडं काहीच न कळून बसून राहतात. पिंड म्हणजे काय, पाणी का सोडतात, हे एका पानावर इंग्रजीत लिहून आदल्या दिवशी द्या. नणंदेला पानावर वाढण्याचं काम द्या. तिचाही भाऊ गेलाय, तिच्या रागाखाली तेच आहे.

मुलाची झोप किंवा काम अजून बिघडत असेल तर त्याने तिथल्या डॉक्टरकडे मेंटल हेल्थ ट्रीटमेंट प्लॅन मागावा. मेडिकेअर (तिथला सरकारी आरोग्यविमा) असेल तर वर्षाला मानसोपचाराच्या दहापर्यंत सत्रांना सवलत मिळते. तुमच्यासाठी इथे टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६. मराठीत बोलता येतं.

मी हिंदू, पत्नी कॅथलिक, आमचा नोंदणी विवाह आहे. कोविडच्या काळात तिचे काका वारले तेव्हा दफन की दहन यावरून दोन्ही घरांत कडाक्याचं भांडण झालं. आमच्या बाबतीत असं होऊ नये म्हणून काय करावं? (वसई)

दफनाने साथ पसरते ही समजूत तेव्हा सरकारी कचेऱ्यांतही होती. मुंबई महापालिकेने ३० मार्च २०२० ला धर्म कुठलाही असो, दहनच करावं असं परिपत्रक काढलं आणि लगेच बदललं. पुढे दफनाला हरकत घेणारे न्यायालयात गेले. मे २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दफन चालू ठेवलं. श्रीलंकेत मात्र मुस्लिमांसकट सगळ्यांवर दहनाची सक्ती जवळजवळ वर्षभर, फेब्रुवारी २०२१ पर्यंत होती. जागतिक आरोग्य संघटना तेव्हाही सांगत होती की दोन्ही चालतं.

तुमच्या घरातली अडचण थोडी वेगळी आहे. कॅथलिक चर्चने १९६३ पासून दहनाला परवानगी दिलेली आहे, त्यामुळे अग्नीवरून वाद व्हायचं कारण नाही. वाद पेटतो तो नंतर, अस्थींवरून. २०१६ च्या सूचनेप्रमाणे चर्चला अस्थी विखुरलेल्या चालत नाहीत, त्या पवित्र जागी ठेवायच्या असतात. तुमच्याकडची माणसं मात्र तिसऱ्या दिवशी विसर्जनाला निघतील. म्हणून ‘दफन की दहन’ एवढंच ठरवून भागणार नाही. अस्थी कुठे जातील, प्रार्थना कोण म्हणणार, दहावं होणार का, हेही लिहा. हे मृत्युपत्रात घालू नका, कारण मृत्युपत्र उघडेपर्यंत सगळं उरकलेलं असतं. वेगळं एक पान, दोघांच्या सह्या, एकेक प्रत दोन्ही घरी आणि एक पॅरिशमध्ये, म्हणजे तुमच्या चर्चच्या कचेरीत. कायद्याने ते कोणावर काटेकोरपणे बंधनकारक नसलं तरी दवाखान्याच्या दारात भांडण मिटवायला ते पुरतं.

आता लग्नाचं प्रमाणपत्र काढून बघा. ‘नोंदणी विवाह’ म्हणताना लोक दोन वेगळ्या गोष्टी एकच समजतात: विशेष विवाह कायदा, १९५४ खाली झालेलं लग्न, आणि धार्मिक पद्धतीने झालेल्या लग्नाची नुसती नोंद. तुमचं पहिल्या प्रकारचं असेल तर तुमचा वारसा भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे चालतो. मृत्युपत्र नसेल तर पत्नीला एक तृतीयांश, मुलांना दोन तृतीयांश. मुलं असतील तर तुमच्या आईला काहीही नाही. मुलं नसतील तर पत्नीला निम्मं, उरलेलं तुमच्या रक्ताच्या नातेवाइकांना. कोविडने तरुण कर्ता माणूस गेला आणि म्हातारी आई रिकाम्या हाती राहिली, असं घडू शकतं ते यामुळे. आईची सोय करायची तर मृत्युपत्र हवंच. दोन साक्षीदार घ्या. ज्यांना काही मिळणार आहे ते किंवा त्यांचे पती-पत्नी साक्षीला नकोत, नाहीतर त्यांना दिलेला वाटा जातो. नोंदणी ऐच्छिक आहे, पण करावी. बँकेतला नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक होत नाही. हे दोन्ही घरांना आत्ताच समजावून ठेवा.

मी मराठी, पत्नी मिझो, मुलगा सहा वर्षांचा. आम्ही दोघं एकदम आजारी पडलो तर? दोन्हीकडचे आजी-आजोबा ‘आमच्याकडे पाठवा’ म्हणतात. शिवाय २०२० मध्ये सोसायटीत पत्नीला ‘कोरोना’ म्हणून चिडवलं गेलं, ते ती विसरलेली नाही. (पुणे)

ऐझॉल आणि सातारा, दोन्ही लॉकडाउनमध्ये सारखेच दूर. पहिल्या दोन दिवसांसाठी पंधरा मिनिटांत दाराशी येईल असा माणूस हवा. असे दोन जण ठरवा, त्यांना विचारून होकार घ्या. त्यांच्यापाशी एक पान ठेवा. त्यावर मुलाचं वजन, बालरोगतज्ज्ञाचा फोन, ॲलर्जी, आधारची प्रत, तुमचं सहीचं संमतीपत्र. आणि जे कोणी लिहीत नाही ते: रात्री घाबरला की मूल कोणत्या भाषेत बोलतं, त्या भाषेतले पाच-सहा शब्द, आजारी असताना काय खातं. आईच्या हातची भाताची पातळ पेज लागत असेल आणि समोर साबुदाणा आला तर ते उपाशी राहील.

पॅरासिटामॉलच्या सिरपमध्ये घोटाळा ठरलेला. एकात ५ मिलीत १२० किंवा १२५ मिग्रॅ असतं, दुसऱ्यात २५०. बाटल्या सारख्या दिसतात. मुलांसाठी एका वेळी किलोला १० ते १५ मिग्रॅ, दोन मात्रांत किमान चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त मात्रा नाहीत. वीस किलोच्या मुलाला २५० च्या सिरपचे ५ मिली किंवा १२० च्या सिरपचे १० मिली. डॉक्टरांकडून हे आकडे ताडून पानावर बाटलीच्या नावासकट लिहा. ॲस्पिरिन नको.

तुमच्यासाठी ऑक्सिमीटर. बोटाला मेंदी किंवा नेलपॉलिश नको, हात गार असेल तर चोळून गरम करा, आकडा स्थिर व्हायला मिनिटभर थांबा. कोविडसारख्या आजारात ऑक्सिजनचा आकडा ९४ च्या खाली किंवा सहा मिनिटं घरात चालल्यावर तीन अंकांनी उतरला तर डॉक्टर.

अवघड आहे तेही लिहून ठेवा. दोघंही गेलात तर मूल कोणाकडे, हे मृत्युपत्रात नाव घालून सांगा आणि दोन्ही आजी-आजोबांना आजच कळवा. वाद झाला तर न्यायालय मुलाचं हित बघतं आणि आईवडिलांची लेखी इच्छा विचारात घेतं. २०२१ च्या मे महिन्यात ‘अनाथ बाळं दत्तक घ्या’ असे संदेश फिरले. तसं परस्पर मूल देणं-घेणं गुन्हा आहे. अशा मुलाची माहिती १०९८ या बाल हेल्पलाइनवर किंवा जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला द्यायची.

सोसायटीचं म्हणाल तर केंद्रीय गृह मंत्रालयाने मार्च २०२० मध्येच ईशान्य भारतातल्या लोकांना होणाऱ्या त्रासाबद्दल राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. पत्नीचा राग रास्त आहे. सचिवांना लेखी पत्र द्या, पोचपावती घ्या, आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत एक ठराव मागा: साथीत फलकावर रुग्णाचं नाव, गाव, धर्म लिहायचा नाही, समितीतल्या एकाच व्यक्तीकडे माहिती राहील, दूध, भाजी, औषधं दाराशी पोचवण्याची पाळी लावली जाईल. ही पाळी फार महत्त्वाची. ज्याच्या घरी डबा पोचतो तो आजार लपवत नाही. पुण्यात १८९७ च्या प्लेगमध्ये घरझडत्या सुरू झाल्या तसे लोक रुग्ण दडवू लागले आणि साथ आणखी फोफावली.

नातू जर्मनीत, त्याची आई जर्मन. त्या दोन वर्षांत तो मराठी विसरला. आता फोनवर बोलतच नाही. (सातारा)

‘जेवलास का, अभ्यास केलास का’ याने मूल दोन मिनिटांत पळतं. दोघांच्या हातात एकच काम द्या: तुम्ही इथे, तो तिथे, दोघंही कणीक मळा किंवा एकच चित्र काढा. पंधरा मिनिटं, आठवड्यातून दोन-तीनदा. जर्मनी उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असतं, तेव्हा आपली दुपारची दोनची वेळ रविवारी दोघांना जमते. त्याचे शब्द दुरुस्त करू नका. सुरुवातीला सुनेशी दोन मिनिटं बोला, नाहीतर तिच्याच घरात ती परकी पडते.

मुलगी आणि जावई कॅनडात, जावई कॅनेडियन. पुन्हा सीमा बंद झाल्या तर? (नाशिक)

१३ मार्च २०२० ला भारताने ओसीआय कार्डावरचा (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना आणि त्यांच्या जोडीदारांना मिळणारं कार्ड) बिनव्हिसा प्रवेशही थांबवला. २२ मेला काहींना सूट मिळाली: घरात मृत्यू वगैरे आणीबाणी असलेले, भारतीय नागरिकांची परदेशी जन्मलेली अल्पवयीन मुलं, आणि नवरा-बायकोपैकी एकाकडे ओसीआय आणि दुसरा भारतात कायम राहणारा नागरिक असेल ते. नातं सिद्ध करणारा कागद हाताशी असणाऱ्याचं काम सोपं झालं.

म्हणून मुलीच्या जन्मदाखल्यावर तिचं आणि आईचं नाव आहे का ते बघा. जुन्या दाखल्यांत बाळाचं नाव बरेचदा नसतं. नसेल तर ते घालून मिळेल का, हे पालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विचारा. लग्नानंतरचं नाव पासपोर्टवर एक आणि ओसीआयवर दुसरं, यातही लोक अडकतात. जावई ओसीआयसाठी अर्ज करू शकतात, पण लग्न नोंदलेलं असून सलग दोन वर्षं टिकलेलं हवं. इथल्या कागदांवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, घेऊन ठेवा. कॅनडा ११ जानेवारी २०२४ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आल्याने आता कामाला येतं. मुलीने तिथून पाठवलेलं मुखत्यारपत्र महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावं लागतं. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि बँकेत गेल्यावर कळतं.

शेजारची सून ओडिशाची. लॉकडाउनमध्ये तिला मारहाण होत होती, तिला मराठी येत नव्हतं, फोन नवऱ्याकडे. आम्हाला काय करता आलं असतं? (कोल्हापूर)

तक्रार तिनेच करावी अशी अट नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात कोणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि सद्भावनेने कळवणाऱ्यावर दायित्व येत नाही. मारहाण चालू असेल तर ११२ (पोलीस), सल्ला आणि आसरा हवा असेल तर १८१ (महिला हेल्पलाइन). बोलताना पत्ता, मजला, घरात लहान मूल आहे का आणि ‘तिला ओडिया किंवा हिंदी समजतं’ हे पहिल्या वाक्यात सांगा. नाहीतर येणारी माणसं नवऱ्याकडूनच भाषांतर करून घेतात आणि तिचं म्हणणं तिथेच संपतं.

घर सासूच्या नावावर आहे म्हणून तिला बाहेर काढता येतं, हे खरं नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी सुनेचा तिथे राहण्याचा हक्क त्यामुळे जात नाही. अशी घरं आजही असतात, त्यामुळे तिच्याशी एक खूण ठरवा, उदाहरणार्थ वाटी मागायला येणं. तिच्या आधार, शाळेच्या दाखल्याच्या आणि लग्नाच्या प्रमाणपत्राच्या प्रती तुमच्याकडे ठेवा आणि माहेरचा एक फोन क्रमांक कागदावर लिहून घ्या, मोबाइलमध्ये नको.