तुझी टीम नको, कोचची टीम सांग

अगं,

फुटबॉल वर्ल्डकपला कोच कोणाला नेईल याचा अंदाज म्हणून तू लिहिलेली २६ जणांची यादी बघितली. मेहनत घेतलीयस हे दिसतंय, पण खरं सांगू का, ही तुझी टीम झाली, कोचची नाही झाली. तुला आवडणारे सगळे आत, तुझ्या डोक्यात जाणारे सगळे बाहेर. आपण कोच असतो तर कोणाला घेतलं असतं हा एक खेळ, आणि तो कोच कोणाला घेईल हा पूर्ण वेगळा खेळ, आणि लोक या दोन्हीची खिचडी करतात म्हणून दर वर्ल्डकपच्या आधी अर्धं जग बोंबलत असतं की अमक्याला घेतलंच कसं नाही. तुला दुसरा खेळ खेळायचाय ना, मग आवडनिवड आधी बाजूला काढून ठेव.

सुरुवात नावांपासून नको करूस, जागांपासून कर. १९९८ पर्यंत वर्ल्डकपला २२ जण नेता यायचे, २००२ पासून २३ झाले आणि २०२२ ला २६. त्यात तीन गोलकीपर घ्यावेच लागतात. म्हणजे उरले २३. मैदानावरच्या दहा जागा, प्रत्येकीला दोन माणसं, झाले २० आणि हातात राहिले फक्त तीन. सगळी मारामारी त्या तिघांची आणि दुसऱ्या ओळीतल्या दोनचार जणांची असते, बाकीचे सतराअठरा तर क्वालिफायर, म्हणजे वर्ल्डकपला पात्र ठरायच्या मॅच, बघणारा कोणीही डोळे झाकून सांगेल. आणि २६ ची मुभा आहे म्हणजे २६ भरतीलच असंही नाही हं, २०२१ मध्ये झालेल्या युरोला, म्हणजे युरोपातल्या देशांच्या कपला, कोच लुइस एन्रिकेने स्पेनचे २४ च नेले, दोन जागा सरळ रिकाम्या सोडल्या. आणि त्या २४ मध्ये रियाल माद्रिदचा एकही नाही! कॅप्टन रामोससुद्धा नाही.

तर कागद घे, त्या कोचची नेहमीची फॉर्मेशन, म्हणजे मैदानावर कोण कुठल्या जागी उभा राहतो ते, काढ आणि प्रत्येक जागेवर दोन दोन नावं लिही. लिहिताना लगेच कळेल की काही जागांवर पाच नावं सुचतायत आणि काही जागांवर एकसुद्धा धड नाही. जिथे एकही धड नाही तिथे नीट बघ, कारण जिथे गर्दी तिथे चांगलेचांगले कापले जातात आणि जिथे दुष्काळ तिथे लंगडतासुद्धा विमानात बसतो.

लंगडता म्हटलं ते उगाच नाही. २०२४ च्या युरोला इंग्लंडचा कोच साउथगेटने आधी प्राथमिक यादीत ३३ बोलावले आणि त्यातले सात घरी पाठवून २६ ठेवले. आता ल्यूक शॉ बघ, फेब्रुवारीपासून मॅच खेळला नव्हता, तरी घेतला. का? तर डाव्या पायाचा अस्सल लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचाव सांभाळणारा, म्हणावा असा दुसरा कोणी नव्हताच. तो फिट होईपर्यंत ट्रिपियर, म्हणजे उजव्या पायाचा माणूस, डावीकडे खेळवला. शॉ आला तो थेट क्वार्टर फायनलला, सब म्हणजे बदली म्हणून, आणि फायनलला पहिल्या अकरात होता. आणि मॅग्वायर? तोही जखमी, साउथगेटचा वर्षानुवर्षांचा भरवशाचा माणूस, पण तो बाहेर. सेंटर बॅकला, म्हणजे बचावाच्या मधल्या जागेला, बाकीचे होते ना. एकच कोच, दोघेही जखमी, दोघांवरही विश्वास, आणि निकाल उलटे. हे जागांच्या कागदावर दिसतं, फॉर्मच्या चर्चेत नाही दिसत.

पण याहून भारी उदाहरण मला २०१४ च्या जर्मनीचं वाटतं, ते जरा नीट बघ. ६ जूनला आर्मेनियाविरुद्ध शेवटची फ्रेंडली, म्हणजे सरावाची मॅच, हाफटाइमच्या जरा आधी मार्को रॉयसचा घोटा गेला, वर्ल्डकप संपला बिचाऱ्याचा. रॉयस म्हणजे अटॅकमधला माणूस, तर त्याच्या जागी कोणीतरी अटॅकमधलाच येणार असं आपल्याला वाटणार, हो की नाही? कोच लोवने बोलावला मुस्ताफी. डिफेंडर! आणि तोसुद्धा काही दिवसांपूर्वी स्वतःच यादीतून कापलेला. आता कागद काढून बघ. पुढे म्युलर, ओझिल, ग्योत्से, शुर्ले, पोडोल्स्की, ड्रॅक्सलर असे रांगेत उभे, एक गेला तरी काही अडत नव्हतं. मागे मात्र बोआटेंग राइट बॅकला आणि हॉवेडेस लेफ्ट बॅकला, म्हणजे सेंटर बॅकच बाजूला सरकवून काम भागवलेलं, तिथे एक जरी आजारी पडला तरी पंचाईत. आणि झालंही तसंच. मुस्ताफी पोर्तुगाल आणि घानाविरुद्ध सब म्हणून उतरला आणि अल्जेरियाविरुद्ध हुमेल्स आजारी म्हणून बोआटेंग आत सरकला आणि हा पहिल्या अकरात आला. म्हणून सांगते, ‘कोणाच्या जागी कोण’ हा प्रश्नच जरा फसवा आहे, ‘आता सगळ्यात पातळ जागा कुठली’ हा प्रश्न विचारत जा.

गोलांचे आकडे बघून तू दोन स्ट्रायकर आत घातलेयस ते माझ्या मते कच्चं आहे. २०१८ च्या सिझनला इकार्डीने इटालियन लीगमध्ये २९ गोल मारले, लीगमधले सगळ्यात जास्त, इम्मोबिलेबरोबर बरोबरीत. कोच साम्पाओलीने अर्जेंटिनाच्या यादीत घेतला नाही. त्याच वर्षी सानेला इंग्लंडमध्ये वर्षातला सर्वोत्तम तरुण खेळाडू म्हणून निवडला आणि जर्मनीने घरी ठेवला. (जर्मनी ग्रुपमध्येच गारद झाली, पण तो मुद्दा आपला नाही. कोचने बरोबर केलं की चूक केलं याचे मार्क आपल्याला नाहीत, त्याने काय केलं याचे आहेत.)

क्लबचा फॉर्म आणि कोचचा विश्वास यांची टक्कर झाली की मी नव्वद टक्के वेळा विश्वासाच्या बाजूने पैज लावते. याचं जुनं उदाहरण १९८२ चं इटली. पाओलो रोस्सी दोन वर्षांची बंदी संपवून नुकताच आलेला, त्या सिझनला लीगच्या फक्त तीन मॅच खेळलेला, आणि तिकडे प्रुत्सो लीगचा टॉप स्कोरर. कोच बेअरझोतने प्रुत्सोला घरी ठेवून रोस्सीला नेलं. कारण १९७८ च्या वर्ल्डकपला हाच रोस्सी त्याच्याच हाताखाली खेळून तीन गोल मारून आला होता, आणि कोच लोक असलं काही विसरत नाहीत. पहिल्या चार मॅचमध्ये एकही गोल नाही, कल्पना कर किती शिव्या पडल्या असतील, आणि मग ब्राझीलविरुद्ध तीन, पोलंडविरुद्ध दोन, फायनलला एक. तू १९८२ मध्ये यादी लिहीत असतीस तर आकडे बघून प्रुत्सोच लिहिला असतास ना?

मग हा विश्वास ओळखायचा कसा? प्रेस कॉन्फरन्समधून फारसा नाही, तिथे सगळ्यांनाच ‘दार उघडं आहे’ असं सांगतात. मिनिटं बघ. स्कोअर बरोबरीत असताना पासष्टाव्या मिनिटाला कोणाला उतरवलं, ते महत्त्वाचं. ३-० झाल्यावर पंच्याऐंशीव्या मिनिटाला उतरवलेल्याचं काही धरू नकोस, ती नुसती कॅप, म्हणजे देशाकडून खेळलेली एक मॅच, वाटणं असतं. लीड टिकवायची असताना कोण येतो, पिवळं कार्ड मिळालेल्या बॅकच्या जागी कोण येतो. आणि एक प्रकार लोकांच्या नजरेतून सुटतोच, तो म्हणजे प्रत्येक वेळी बोलावला जातो पण खेळत कधीच नाही असा माणूस. लोक म्हणतात हा खेळत नाही म्हणजे जाणार नाही. अगं उलट आहे, कोचला तो बेंचवर हवाच आहे म्हणून तर परत परत बोलावतोय, न कुरकुरता बसणारा, दोनतीन जागा सांभाळणारा. असे दोन जण तरी प्रत्येक यादीत सापडतात, तुझ्या यादीत एकही नाही.

कोण कापला जाणार हे ओळखणं कोण नवीन येणार हे ओळखण्यापेक्षा सोपं आहे, असं मला वाटतं. मोठं नाव एका रात्रीत कापलं जात नाही, आधी काहीतरी धुसफुस दिसतेच. अमेरिकेचा स्टार डोनोव्हनने २०१३ च्या सुरुवातीला फुटबॉलमधून मोठी सुट्टी घेतली होती, त्यात अमेरिकेच्या क्वालिफायर बुडाल्या, आणि २०१४ ला कोच क्लिन्समनने त्याला कापला तेव्हा सगळे हबकले, पण वर्षभर आधीच थोडं थोडं दिसत होतं. २००२ ला सगळा ब्राझील जुना स्ट्रायकर रोमारियोसाठी मागे लागला होता, कोच स्कोलारी हलला नाही, आणि कप घेऊन आला. लोकांचा दबाव म्हणून कोणाला आत लिहू नकोस. हां, १९९० ला रॉजर मिल्ला ३८ व्या वर्षी कॅमेरूनकडून आला तो राष्ट्राध्यक्षांनीच गळ घातली म्हणून, आणि पठ्ठ्याने चार गोल मारले, पण असं दर वेळी होत नसतं.

नवीन पोरांचं म्हणशील तर एकच जागा त्यांच्यासाठी सोड आणि तीसुद्धा प्राथमिक यादीतूनच भर. २०२४ ला इंग्लंडचा व्हार्टन एकाच कॅपवर युरोला गेला, पण तो त्या ३३ मध्ये होताच. २००६ चा वॉलकॉट मात्र कोणालाही ओळखता आला नसता, १७ वर्षांचा, आर्सेनलकडून प्रीमियर लीगची एक मॅच न खेळलेला, आणि इंग्लंडचा कोच एरिक्सनने नेला तरी वर्ल्डकपमध्ये एक मिनिट खेळवला नाही. असल्यांच्या मागे डोकं खपवू नकोस. तिसऱ्या गोलकीपरच्यापण नको. तू त्यावर अर्धं पान लिहिलंयस!

आणि मार्क मोजताना २६ पैकी २२ बरोबर आले म्हणून उड्या मारू नकोस, सतराअठरा तर फुकटचे आहेत. ज्या सातआठ जागांवर खरंच शंका होती तेवढ्याच मोज. प्रत्येकापुढे एका ओळीत कारण लिहून ठेव, नंतर बदलायचं नाही. नाव बरोबर पण कारण चुकलं तर तो तुक्का.

एक राहिलं. यादी जाहीर झाली म्हणजे संपलं असं नाही, जखमी झाला तर पहिल्या मॅचच्या २४ तास आधीपर्यंत बदलता येतं, गोलकीपर तर नंतरही. २०२२ ला फ्रान्सचा एन्कुंकु जखमी झाला आणि कोलो मुआनी आला, सेमीफायनलला गोल मारला आणि फायनलच्या शेवटच्या मिनिटाला कप जवळजवळ हातात आणून दिला होता, अर्जेंटिनाच्या गोलकीपर मार्टिनेझचा पाय आडवा आला म्हणून राहिलं. पण बेन्झेमा जखमी होऊन गेला तेव्हा कोच देशाँने कोणालाच बोलावलं नाही, २५ जणांवरच खेळला. तेव्हा तुझ्या कागदावर प्रत्येक ओळीच्या शेवटी अजून एक रकाना आख, हा गेला तर कोण, आणि काही ठिकाणी त्यात ‘कोणीच नाही’ असं लिहायचं धाडस कर. नवीन यादी शेवटच्या फ्रेंडलीच्या आधी पाठव, नंतर पाठवलेली मी धरणार नाही.

तुझी,
ताई