गेम बनवताना: फ्रेम, डेल्टा टाइम आणि भिंतीपार जाणारी गोळी

माझ्या लॅपटॉपवर गेममधलं पात्र नीट चालतं, पण मित्राच्या नव्या कॉम्प्युटरवर सुसाट पळतं. कोड तर तोच आहे. मग असं का?

गेम म्हणजे मुळात एक सतत फिरणारं चक्र. त्याला गेम लूप म्हणतात. दर फेरीत खेळाडूने काय दाबलं ते बघायचं, त्यानुसार जगाची स्थिती बदलायची आणि नवं चित्र काढायचं. ते चित्र म्हणजे फ्रेम. तुम्ही बहुधा ‘दर फ्रेमला ५ पिक्सेल पुढे’ असं लिहिलं आहे. तुमच्याकडे सेकंदाला ६० फ्रेम होत असतील तर पात्र ३०० पिक्सेल जातं, मित्राकडे १४४ होत असतील तर ७२०.

वेग ‘सेकंदाला ३०० पिक्सेल’ असा ठरवा आणि दर फ्रेमला त्याला डेल्टा टाइमने, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळाने गुणा. ६० फ्रेमला हा वेळ साधारण ०.०१६७ सेकंद असतो, म्हणजे पाऊल ५ पिक्सेलचं. १४४ फ्रेमला पाऊल जेमतेम २ पिक्सेलचं पडतं, पण पावलं जास्त. सेकंद संपताना दोघं एकाच जागी पोचतात.

१९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये याच गोष्टीतून खेळाची मजा वाढली. शत्रू मरत गेले की यंत्राचं चित्र काढायचं काम कमी व्हायचं आणि उरलेले शत्रू वेगाने सरकायचे. तो गेम बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादो यांनी ते तसंच ठेवलं. मला हा निर्णय फार आवडतो.

कोलायडर लावूनही गोळी कधीकधी भिंतीतून आरपार जाते. असं का होतं?

कोलायडर म्हणजे टक्कर तपासण्यासाठी वस्तूभोवती आखलेला अदृश्य आकार. पण तपासणी पावलापावलाला होते, मधल्या क्षणांत नाही. समजा भिंत १०० ते १२० पिक्सेलवर आहे आणि गोळी एका पावलात ५० पिक्सेल जाते. आत्ता ती ९० वर आहे, पुढच्या पावलाला १४० वर. दोन्ही वेळा ती भिंतीबाहेरच! याला टनेलिंग म्हणतात. जलद वस्तूंसाठी इंजिनमधलं, म्हणजे गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरमधलं, सलग टक्कर तपासणीचं सेटिंग चालू करा, किंवा जुन्या जागेपासून नव्या जागेपर्यंत एक काल्पनिक सरळ रेषा, म्हणजे किरण, सोडून मध्ये काही लागतं का ते बघा. भिंत जाड करून भागतं, पण तो तात्पुरता उपाय.

भौतिकशास्त्राची गणितं ठरावीक वेळाच्या अंतराने चालवतात तीही स्थिरतेसाठीच. युनिटी या इंजिनात हे अंतर मुळात ०.०२ सेकंद असतं.

स्प्राइट आणि ॲसेट एकच का?

नाही. चित्र, आवाज, थ्रीडी मॉडेल असा गेममध्ये वापरायचा कुठलाही माल म्हणजे ॲसेट. स्प्राइट हे त्यातलं द्विमितीय चित्र.

सुरुवातीला इंजिन घ्यावं की सगळं स्वतः लिहावं?

इंजिन घ्या. लूप, चित्रण, टक्कर, आवाज हे सगळं त्यात तयार असतं. गोडो मोफत आणि मुक्तस्रोत आहे. पण एकदा तरी चेंडू आणि दोन फळ्यांचा छोटा गेम इंजिनाशिवाय लिहून बघाच. डेल्टा टाइम तिथे खरा हाताला लागतो.

आमचा गेम बीटात आहे. आता एक नवं शस्त्र घालू का?

नको. अल्फा आणि नंतरची बीटा म्हणजे गेम बाहेर पडण्याआधीच्या चाचणी आवृत्त्या. अल्फापर्यंत गेमची वैशिष्ट्यं येऊन जायला हवीत, बीटा चुका शोधण्यासाठी. दर ठिकाणी व्याख्या थोडी बदलते, पण नवं शस्त्र आलं की सगळे शत्रू, सगळे टप्पे पुन्हा तपासावे लागतात. ते पुढच्या अपडेटसाठी ठेवा.