विद्यापीठ आम्हाला काय देणार?

प्रश्न : आमचा बचत गट सभासदांसाठी आरोग्य विमा सुरू करतोय. एक विद्यापीठ मदत करू म्हणतंय. प्राध्यापक येणार, फॉर्म भरून घेणार, निबंध छापणार. आमच्या हाती काय?

उत्तर : शंका रास्त आहे. नुसते फॉर्म भरून घेऊन गायब होणारी मंडळी मीही पाहिली आहेत. पण पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशातला नूना हा भाग बघा. तिथल्या आरोग्य संशोधन केंद्राने जर्मनीच्या हायडेलबर्ग विद्यापीठासोबत २००४ मध्ये असाच विमा सुरू केला. नोंदणी एकेकाची नाही, अख्ख्या कुटुंबाची; नाहीतर आजारी तेवढेच येतात आणि निधी बुडतो. तरीही सभासद थोडेच आले, त्यात सर्वांत गरीब तर फारच कमी. हे लक्षात आलं, कारण कोणीतरी नोंदी ठेवत होतं. मग गरीब कोण, हे गावकऱ्यांनीच ठरवलं आणि २००७ पासून तळच्या पाचव्या हिश्श्याला वर्गणी निम्मी केली. त्यांची नोंदणी वाढली. दवाखान्यातले कर्मचारी मात्र नाराज होते, योजनेतून त्यांच्या पदरात काही पडत नव्हतं म्हणून. (हे बहुतेक योजनाकार विसरतात.)

तेव्हा विद्यापीठाकडून वर्गणीचं गणित मागा : साथ आली तर निधी पुरेल का? नोंदवह्या गटाकडेच राहतील, निष्कर्ष आधी सभासदांना मराठीत सांगतील, हे लेखी घ्या. आणि विचारा, संशोधकाची पीएचडी संपल्यावर हिशेब कोण बघणार? उत्तर देताना चाचरले, तर सही करू नका.