"तो यायलाच तयार नाही, मग मी एकट्याने येऊन काय करू?"

मी व्यसनमुक्तीचं समुपदेशन करते. गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात चार जणांनी घरातल्या व्यसनी माणसाबद्दल मला हा प्रश्न विचारला. एक आई, एक बायको, एक मोठी बहीण आणि फोनवर एक मामा. प्रत्येकाला तेच तेच सांगत बसण्यापेक्षा म्हणलं एकदा लिहूनच टाकावं.

तर ही एका काकांची गोष्ट, त्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय. काका नाशिकचे, एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. पोरगा २४ वर्षांचा, डिप्लोमा अर्धवट सोडलेला, दोन वर्षांपासून एमडी, म्हणजे मेफेड्रोन नावाची नशेची पावडर, घेतोय. पहिल्या दिवशी खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, एखादी गोळी लिहून द्या, चहात टाकून देतो."

ही चहातली गोळी मला दर महिन्याला भेटते. दारू सोडवायची म्हणून घरचे लोक लपून गोळ्या देतात, आणि वरून त्याने दारू घेतली की जिवावर बेतू शकतं, तेव्हा हे कधीच करू नका. एमडीसाठी तर अशी काही गोळीच नाही. हे सांगितल्यावर काका दुसऱ्या वेळी नवीन आयडिया घेऊन आले. कुठल्यातरी व्यसनमुक्ती सेंटरवाल्याने सांगितलेलं, रात्री गाडी येते, चार पोरं येतात, उचलून नेतात, सहा महिने भेटायचं नाही. मी विचारलं, तिथे रजिस्ट्रेशन आहे का, डॉक्टर कोण, कधी येतात? त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पेशंटला साखळीने बांधायला सरळ बंदी आहे तरी काही ठिकाणी काय चालतं ते आम्ही पेशंटकडूनच ऐकतो. आणि असा उचलून नेलेला पोरगा परत आला की बापाच्या डोळ्यात बघत नाही, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

मग आला पैशाचा विषय. इथे मी स्वतः तीन सेशन वाया घालवली हे कबूल करते. सगळे सांगतात तेच मीही सांगत राहिले, काका पैसे देऊ नका. काका मान डोलवायचे, घरी जाऊन द्यायचे, पुढच्या गुरुवारी खाली मान घालून सांगायचे. भावाने, मेहुण्याने, डॉक्टरने सांगून झालेलं, त्यात आता माझी भर. आपण नवीन काय सांगतोय याचा मला त्या तीन आठवड्यांत एकदाही विचार आला नाही.

चौथ्या वेळी बोलता बोलता कळलं की काका रोज रात्री हिशोब लिहितात, नोकरीतली सवय, कॅश टॅली झाल्याशिवाय झोप नाही. म्हणलं डायरी आणा आणि मोठ्याने वाचा.

"१२ तारीख, मोबाईल रिपेअर, २०००. १५ तारीख, मित्राचं देणं, ३५००. १९ तारीख, मोबाईल रिपेअर, १५००."

"काका, मोबाईल एका आठवड्यात दोनदा बिघडला?"

काका गप्प. मग मला एकदम सुचलं (अशी वाक्यं वर्षातून दोनदाच सुचतात, म्हणून सांगते), मी विचारलं, "तुम्ही कुणाला तिकीट दिलं की ते कुठपर्यंतचं आहे ते माहीत असायचं ना? मग या दोन हजाराचं तिकीट कुठपर्यंतचं?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. मीही बोलले नाही, या धंद्यात ते शिकायलाच मला दहा वर्षं गेली. मग म्हणाले, "रात्री दोनला तो दार आपटायला लागतो. ही रडते. वरच्या मजल्यावर लाईट लागतो. पैसे दिले की गाडी काढून निघून जातो. मग सगळं शांत होतं आणि मला झोप लागते." थोडं थांबून, "मॅडम, हे त्याचे पैसे नाहीत. हे माझ्या झोपेचे पैसे आहेत."

त्या दिवशी जे कळलं ते मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये मिळालं नव्हतं. घरच्यांना आपण 'तुम्हीच त्याला बिघडवताय' म्हणून मोकळे होतो, पण त्या पैशातून ते स्वतःसाठी काय विकत घेतात ते विचारतच नाही. काका झोप घेत होते. नवऱ्याच्या ऑफिसात 'त्यांना ताप आहे' असा फोन करणारी बायको महिन्याचा पगार वाचवते, पहाटे उठून पोराने घाण केलेलं अंगण धुणारी आई सोसायटीतली इज्जत वाचवते. त्या गोष्टीची दुसरी सोय लागेपर्यंत 'देऊ नका' हा नुसता शब्द राहतो.

आमच्या क्षेत्रात एक जुनं मत आहे, तळ गाठल्याशिवाय व्यसनी माणूस सुधरत नाही. ज्यांनी ते स्वतः भोगलंय त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते, मला ते पटत नाही, कारण काही जण त्या तळातून वर येतच नाहीत. घरचे बदलले की तळ वर आणता येतो. १९९९ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला, दारूवरचा होता, पण त्यात घरच्यांनाच नीट शिकवल्यावर १०० पैकी ६४ घरांतला पिणारा माणूस उपचाराला आला. आधी तो नव्हता येत, फक्त घरचे येत होते.

मग आम्ही रात्री दोनची तयारी केली. वरच्या शेजाऱ्यांना आधीच जाऊन सांगायचं की आमच्या घरात असं असं आहे, आवाज झाला तर माफ करा. काकांना हे सगळ्यात जड गेलं, दोन आठवडे लागले. पोराला एकच वाक्य, "पैसे नाहीत, जेवण आहे," त्यावर वाद नाही, लेक्चर नाही. हात उचलला तर ११२ ला फोन करून पोलीस. नशेत असताना काही म्हणजे काही बोलायचं नाही. दोन रात्री जागून तो दिवसभर झोपतो, उठतो तेव्हा भुकेला आणि मनाने पार खचलेला असतो, बोलायची वेळ ती. आणि ज्या शनिवारी घेतलं नसेल त्या रविवारी सकाळी दोघांनी मिसळ खायला जायचं, तिथे व्यसनाचा व सुद्धा काढायचा नाही. काका म्हणाले, "एवढ्याने काय होणार?" म्हणलं मिसळ तर मिळेल.

सातव्या आठवड्यात पोराने विचारलं, "पप्पा, तुम्ही दर गुरुवारी कुठे जाता?" काका म्हणाले, "माझ्यासाठी जातो. मला झोप लागत नाही." पुढच्या गुरुवारी पोरगा बाहेरच्या बाकावर बसलेला. आत यायला त्याला अजून दोन गुरुवार लागले.

त्याची भीती वेगळीच होती, नाव सांगितलं तर पोलीस येतील. एमडी २०१५ पासून एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात आहे, पण त्याच कायद्यात ६४ए कलम आहे, स्वतःच्या सेवनासाठी किंवा थोड्या प्रमाणात माल बाळगल्याची केस असलेला माणूस आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला संरक्षण मिळू शकतं. हे ऐकून पोरगा पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसला. कुठे जायचं ते कळत नसेल तर १४४४६ हा सरकारी टोल फ्री नंबर आहे. एमडी बंद केल्यावर मन फार खाली जातं, मरणाची भाषा आली तर ताबडतोब डॉक्टर गाठा. दारू किंवा झोपेच्या गोळ्या घरच्या घरी एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. आणि ब्राऊन शुगरवाल्यांनो, महिनाभर थांबून परत जुन्या मापाने घेतलं तर माणूस जातो, शरीराची सवय मोडलेली असते.

पोरगा अडीच महिने चांगला राहिला. मग एका बुधवारी काकांचा फोन.

"मॅडम, काल परत घेतलं त्याने."

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्यानेच सांगितलं. सकाळी चहाच्या वेळी."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काही नाही. डायरीत लिहिलं."

"काय लिहिलंत काका?"

"एमडी लिहिलं. माझ्याकडून शून्य." मग म्हणाले, "उद्या दोघं येतोय. आणि तो विचारत होता, ह्या रविवारची मिसळ कॅन्सल का म्हणून. काय सांगू?"