मतदार यादी नसलेली निवडणूक

प्रश्न : मी सहकारी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालो. पॅनेल, पळवापळवी, यादीतून नावं गळणं, सगळं जवळून पाहिलं. धाकटा मुलगा पुण्यात प्रोग्रामर आहे. फावल्या वेळात बिटकॉइनच्या कोडवर फुकट काम करतो. त्याचं म्हणणं, "बाबा, आमच्यात राजकारण नाही. कोड सगळ्यांसमोर उघडा असतो, बरोबर असेल ते टिकतं." पण गेले काही महिने फोनवर तावातावाने भांडतो, आणि त्यात 'आपली माणसं', 'त्यांची माणसं' असं चाललेलं असतं. खुर्ची नाही, पगार नाही, मग भांडण कशाचं? तुम्ही कुठल्या बाजूचे, तेही लिहा.
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : काका, तुमचा कान तयार आहे. फरक एवढाच की कारखान्यात सभासदांची यादी असते. तिच्यात नावं घुसवतात, गाळतात, पण यादी असते आणि एका सभासदाला एक मत असतं. बिटकॉइनला यादीच नाही. सभासद कोण, इथूनच भांडण सुरू होतं.

२०१५ ते २०१७ ची गोष्ट सांगतो. बिटकॉइनचे व्यवहार ब्लॉकमध्ये, म्हणजे वहीच्या एकेका पानावर चढतात. साधारण दहा मिनिटांना एक पान. सातोशी नाकामोतो या नावाने वावरणाऱ्या निर्मात्याने २०१० मध्ये, फारसा गाजावाजा न करता, पानाला १ एमबीची मर्यादा घातली. पुढे ती कशी वाढवता येईल हेही त्याच वर्षी लिहून ठेवलं, आणि २०११ मध्ये तो नाहीसा झाला. पानं भरायला लागली तशी एक बाजू म्हणाली, पान मोठं करा, सातोशीनेच सांगून ठेवलंय. दुसरी म्हणाली, पान मोठं झालं तर अख्खी वही घरी ठेवून तपासणं सामान्य माणसाला झेपणार नाही, तपासनीस म्हणून मोठ्या कंपन्याच उरतील.

मी तेव्हा कोथरूडच्या घरात जुन्या डेस्कटॉपवर नोड, म्हणजे अख्खी वही ठेवून तपासणारं यंत्र, चालवायचो. शंभर जीबीच्या वर गेलेली ती वही उतरवायला मला सतरा दिवस लागले, कारण ब्रॉडबँडचा महिन्याचा कोटा संपला की वेग गोगलगायीचा. आठपट पान म्हणजे माझं यंत्र बाद. म्हणून मी लहान पानवाला. लोकांना मी विकेंद्रीकरण वगैरे सांगायचो, पण खरं कारण तो कोटा होता.

मुख्य कोडमध्ये, म्हणजे 'कोअर'मध्ये, बदल दाखल करण्याची चावी मोजक्या माणसांकडे असते. ती माणसं म्हणतात, आम्ही नुसते झाडलोट करणारे. प्रस्तावावर लोक 'अ‍ॅक' किंवा 'नॅक' लिहितात, म्हणजे होकार किंवा नकार. ते कुणी मोजत नाही. नकार कुणाचा आणि त्यात दम किती, हे पाहिलं जातं, आणि मोठा वाद असेल तर बदल होत नाही. आता तुमच्या डोळ्यांनी बघा. ज्याला आहे तेच हवंय, त्याला निवडणूक जिंकावी लागत नाही. वाद पेटता ठेवला की झालं. याला तांत्रिक सावधगिरी म्हणतात, आणि बऱ्याचदा ती असतेही.

ऑगस्ट २०१५ मध्ये गाविन आंद्रेसन आणि माइक हर्न या प्रोग्रामरांनी 'बिटकॉइन एक्सटी' नावाचं वेगळं सॉफ्टवेअर काढलं. ८ एमबीचं पान, आणि शेवटच्या १००० ब्लॉकपैकी ७५ टक्के ब्लॉकनी पाठिंबा दाखवला की लागू. म्हणजे मतदार मायनर, संगणक लावून वहीत नवी पानं जोडणारे. ते पॅनेल पडलं. जानेवारी २०१६ मध्ये हर्न 'प्रयोग फसला' म्हणून निघून गेले. आंद्रेसन हे सातोशीनंतर सूत्रं सांभाळलेले गृहस्थ. मे २०१६ मध्ये क्रेग राइट या माणसाच्या सातोशी असल्याच्या दाव्यावर त्यांनी विश्वास ठेवला. त्यांचं खातं हॅक झालं असावं, असं कारण देऊन त्यांची चावी काढून घेतली गेली, ती परत मिळालीच नाही. राइट सातोशी नाही, असा निकाल लंडनच्या हायकोर्टाने मार्च २०२४ मध्ये दिला, तेव्हा आंद्रेसन चुकले होते हे खरंच. पण विरोधी पॅनेलचा म्होरक्या घसरला आणि त्याच वेळी किल्ल्या काढून घेतल्या, याला तुमच्या कारखान्यात काय म्हणाले असते?

मग मे २०१७, न्यूयॉर्क. ५८ कंपन्यांनी करारावर सह्या केल्या. गाळप क्षमता म्हणा हवं तर, पण बिटकॉइनच्या संगणन शक्तीपैकी ८३ टक्के त्यांच्या बाजूने होती. 'सेगविट' ही, व्यवहारांच्या सह्या वेगळ्या ठेवून पानात जागा करणारी, सुधारणाही घ्यायची आणि पानही २ एमबी करायचं, अशी तडजोड. कोअरचे नियमित प्रोग्रामर त्यात नव्हते. समोर घरगुती नोडवाले उभे राहिले. आमची यंत्रं १ ऑगस्टपासून सेगविट न मानणारे ब्लॉक नाकारतील, असं त्यांनी जाहीर केलं, लष्करी रंगाच्या टोप्यासुद्धा घातल्या. टोप्या आल्यावर राजकारण नाही म्हणणं अवघडच! २४ ऑगस्टला सेगविट लागू झालं. मोठं पान ८ नोव्हेंबरला पुरेशी सहमती नाही म्हणून सोडून देण्यात आलं. ८३ टक्के हरले, काका.

मोठं पानच हवं असलेल्या एका गटाने १ ऑगस्टलाच वेगळी चूल मांडली होती, 'बिटकॉइन कॅश'. या भाऊबंदकीतली गंमत अशी की वाटणीत दोन्ही भावांना अख्खा वाडा मिळतो. ज्याच्याकडे जितके बिटकॉइन, त्याला तितकेच कॅश. वाटणी होत नाही ती नावाची. नाव कुणाला द्यायचं हे शेवटी एक्स्चेंजांनी, म्हणजे खरेदी-विक्रीच्या पेढ्यांनी, आणि बाजाराने ठरवलं. सव्वा वर्षात, नोव्हेंबर २०१८ मध्ये, कॅशमध्येही पुन्हा वाटणी झाली.

पगाराचंही ऐकून ठेवा. तुमच्या चिरंजीवांना नसेल, पण पूर्ण वेळ काम करणाऱ्यांना कुणीतरी देतंच. २०१५ मध्ये बिटकॉइन फाउंडेशनची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा तिच्या पगारावरच्या आंद्रेसन यांच्यासह तिघांना अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने घेतलं. इतर काही जण २०१४ मध्ये निघालेल्या ब्लॉकस्ट्रीम कंपनीत होते, आणि मोठं पानवाले तेच उगाळत बसायचे. पगार देणारा कोड लिहून घेतो, हे मला सहसा दिसलं नाही. कोणत्या कामाला आधी हात लावायचा, यात मात्र त्याचा वाटा असतो.

सध्याचं भांडण बहुधा ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या कोअरच्या तिसाव्या आवृत्तीचं असेल. व्यवहाराला मजकूर चिकटवायची जागा आधी ठरीव मापाने ऐंशीएक बाइट होती, ती एक लाख बाइटवर नेली. वहीत कचरा भरेल, म्हणून चिडलेले बरेच जण 'नॉट्स' नावाचं दुसरं सॉफ्टवेअर चालवू लागले. घरच्या यंत्रावर कोअर आहे की नॉट्स, एवढंच त्याला विचारा. जेवण झाल्यावर विचारा, उत्तर लांबेल.